शिंपल्याची शिवण

धाकटीने थोरलीचं काम नापास केलं, आणि तेही भर पाळीत, सगळ्यांच्या देखत.

आधी तिने सूक्ष्मदर्शकावरून डोळे उचलले, चष्मा पुसला, पुन्हा डोळे लावले. शिंपला बोटांत फिरवून तीच जागा पुन्हा पाहिली. मग तो लाल ट्रेमध्ये ठेवला. लाल ट्रे म्हणजे नापास. त्या ट्रेने आजवर कुणाकुणाच्या चुका पोटात घातल्या होत्या, पण थोरलीच्या हातचा शिंपला त्याच्या वाट्याला कधी आला नव्हता. खोलीतल्या सगळ्या बायका पायघोळ पांढऱ्या झग्यांत, केसांवर टोपी, तोंडावर पट्टी, नुसते डोळे उघडे. पण डोळ्यांनाही कुजबुजता येतं. ती कुजबूज थोरलीपर्यंत पोचायला वेळ लागला नाही.

आता हे शिंपले कसले, ते सांगायला हवं. माणसाच्या हृदयाचा ठोका मंदावला की छातीत, कातडीखाली, एक छोटं यंत्र बसवतात. पेसमेकर. त्या यंत्राची बाहेरची डबी ह्या कारखान्यात बंद होते. टायटॅनियमचे दोन पातळ अर्धे, आत बॅटरी आणि इवलासा मेंदू. दोन्ही अर्धे एकमेकांवर बसवायचे आणि कडेकडेने लेझरने जोडत जायचं. इथल्या बायका त्या डबीला शिंपला म्हणतात आणि जोडाला शिवण. सुई नाही, दोरा नाही, प्रकाशाचा एकेक टाका, मागच्यावर अर्धा चढलेला. तापलेल्या टायटॅनियमला हवा सोसत नाही, लगेच रुसून निळा पडतो, म्हणून हे सगळं काचेच्या बंद पेटीत, आर्गॉन वायू भरून चालतं. पेटीलाच दोन लांब रबरी हातमोजे जोडलेले असतात. शिवणारीने त्यांत कोपरापर्यंत हात घालायचे, भिंगातून पाहत शिंपला बोटांनी फिरवायचा आणि पायाखालच्या पेडलवर टाका टाकायचा. शिवणीत केसाहून बारीक छिद्र राहिलं, तरी अंगातला ओलावा आत शिरणार, यंत्र गप्प होणार. आणि यंत्र गप्प झालं तर पुढचं तोंडाने बोलवत नाही.

त्या पेटीपुढची खुर्ची थोरलीची. केस पांढरे व्हायला लागले ते त्याच खुर्चीत. माणसाच्या काळजात देव राहतो असं आपण नुसतं म्हणतो, थोरली ते खरं मानायची. "मी देवाच्या घराला कडी लावते," म्हणायची. लावताना पट्टीच्या आतून गुणगुणायचीही. चाल तिचीच, शब्दही तिचेच:

सांभाळ रे बाबा, आतला ठोका सांभाळ,
दार माझ्या हाती, घर तुझं सांभाळ.

आणि धाकटी तिची सख्खी जाऊ. तिला कारखान्यात आणलं थोरलीनेच, शिवण ओळखायला शिकवली थोरलीनेच. पुढे ती तपासनीस झाली. घरात थोरलीचा शब्द शेवटचा, मग तो मिठाचा असो की पडद्याच्या रंगाचा. कारखान्यात मात्र धाकटीची मान हलल्याशिवाय थोरलीचा शिंपला पुढे सरकायचा नाही. सकाळी दारातून बाहेर पडताना आणि संध्याकाळी आत येताना दोघींची पारडी अशी फिरायची.

झगे उतरवायच्या खोलीत थोरलीने तिला गाठलं.

"काय गं, सकाळी चहा गार दिलास असं मी म्हणाले, त्याचा सूड उगवलास?"

"चहा गार नव्हता वहिनी, तुम्ही उशिरा प्यालात."

"विषय बदलू नकोस. काय दिसलं?"

"छिद्र. आणि छिद्राच्या कडेला काजळीचा ठिपका."

"काजळी? माझ्या शिवणीत?"

"तुमच्या शिवणीत."

"डोळे तपासून घे जा."

"म्हणून तर चष्मा पुसून पाहिलं."

"वा! मी हिला सुरी धरायला शिकवलं, आणि ही माझीच बोटं कापायला निघाली!"

"सुरी धरायला नाही, शिवण बघायला शिकवलंत. 'सख्ख्या भावाच्या हातचं असलं तरी छिद्राला माफी नाही', हे कोण म्हणालं होतं?"

थोरलीच म्हणाली होती. तिने कपाटाचं दार असं आपटलं, की शेजारची दोन दारं आपोआप उघडली.

पण एका शिंपल्यावर भागलं नाही. दुसऱ्या दिवशी आणखी निघाले, तिसऱ्या दिवशी आणखी. सगळेच नव्हे. बरेचसे स्वच्छ चंदेरी यायचे, हेलियमच्या चाचणीतही उतरायचे. ह्या चाचणीत शिंपला हेलियममध्ये दाबून ठेवतात आणि आत शिरलेला वायू बाहेर झिरपतो का, ते एक यंत्र हुंगून सांगतं. पण अधूनमधून एखादा काजळीवाला निघायचाच. थोरली पेटीची रबरं तपासून पाहायची, वायूची नळी बदलून मागायची, भिंग साफ करायची. पेटीत दोष नाही, लेझरमध्ये दोष नाही. मग राहिलं काय?

"हात," आत्तासाहेब म्हणाले.

हे ह्या विभागाचे साहेब. त्यांचा प्रत्येक हुकूम 'आत्ताच्या आत्ता'ने सुरू व्हायचा, म्हणून बायकांनी त्यांना हे नाव ठेवलेलं. माणूस वाईट नव्हता. वरून रेटा आला की तोच रेटा खाली पोचवायचा, एवढीच त्यांची चाकरी. त्यांनी धाकटीला काचेच्या केबिनमध्ये बोलावलं.

"बसा ताई. मनाला लावून घेऊ नका. तुमच्या जाऊबाईंचं आता वय झालंय."

"वय माझंही होतंय साहेब. तुमचंही."

"त्यांचा हात थरथरतो. तुम्ही तपासनीस आहात, तुम्ही तेवढं सांगा. म्हणजे मला आत्ताच्या आत्ता त्यांना पॅकिंगला पाठवता येईल. तिथे हलकं काम, डोळ्यांना त्रास नाही. वरचे विचारतायत, मला काहीतरी सांगायला नको?"

"हात थरथरला तर टाके नागमोडी पडतात. त्यांचे टाके पट्टी लावून ओढल्यासारखे आहेत. हाताचा दोष मी सांगणार नाही."

"मग शिंपले पास करा!"

"पासही करणार नाही."

"अहो, दोन्हीपैकी एक तर करा!"

"दोन्हीपैकी एकही खरं नाही, तर करू कसं?"

साहेबांनी कपाळाला हात लावला. "तुम्ही दोघी नक्की जावा आहात की वैरिणी?"

"ते रोज घरी गेल्यावर ठरतं."

"तुम्ही सांगा नाहीतर नका सांगू. उद्या सकाळी पॅकिंगमधली बाई त्या खुर्चीत बसेल. मी ठरवलंय."

ही बातमी दोघींच्या आधी घरी पोचली. जेवायच्या टेबलाशी सगळे खाली माना घालून घास मोजत असल्यासारखे जेवत होते. सासूबाई एकीकडे बघत, मग दुसरीकडे बघत, आणि सुस्कारा टाकत. शेवटी धाकटीच्या नवऱ्याला राहवलं नाही.

"मी म्हणतो, घरच्याच माणसाला कुणी नापास करतं का? बारीकसं तर छिद्र. वहिनींची खुर्ची जाणार ह्यापायी! आपलेच दात आणि आपलेच ओठ. जरा दुर्लक्ष केलं असतंस तर आभाळ कोसळलं असतं का?"

धाकटीने ताटाकडे पाहिलं. उत्तर तिच्याकडे होतं, पण नवऱ्यापुढे, दिरापुढे, सासूपुढे, आणि जिची खुर्ची जाणार तिच्यापुढे ते बोलायचं म्हणजे घशातून काटा काढण्यासारखं.

डाव पातेल्यावर ठण्णकन वाजला. थोरलीने ठेवला होता.

"भावजी, हिला कुणी एक शब्द बोलायचा नाही."

"वहिनी, मी तर तुमच्याच बाजूने..."

"माझ्या बाजूने बोलायला मला तोंड आहे. मला ही सध्या डोळ्यांसमोर नको झालीय, ते वेगळं. त्याचं मी आणि ती बघू. पण माझा शिंपला कुणाच्यातरी लेकराच्या छातीत बसतो. नात्यावर पास झालेली शिवण मला नको. तशी खुर्चीही नको." मग धाकटीकडे न बघताच म्हणाली, "आणि तू, मीठ सरकव इकडे. तेवढं तरी नीट दिसतंय ना?"

धाकटीने मीठ सरकवलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते थोरलीने पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं.

सकाळी कामावर निघायच्या गडबडीत धाकटी चहा गाळत होती. किटलीच्या वाफेने चष्मा धुकटला. दोन्ही हात गुंतलेले. एक मोकळा करून तिने गॅलरीतल्या दोरीवरचं हाताला लागलं ते सुकं कापड ओढलं आणि काचा पुसल्या.

धुकं गेलं नाही. उलट साय धरल्यासारखं पसरलं. ती पुन्हा पुसायला लागली, तर आणखी पसरलं. काचेवर इंद्रधनुष्यासारखे चट्टे. आणि एक वास, गुलाबाचाही नाही, मोगऱ्याचाही नाही, फुलांनी एकत्र बसून वाद घातल्यावर येईल तसा.

तिने चष्मा काढून हातातल्या कापडाकडे पाहिलं. थोरलीचं फडकं होतं ते.

ह्या फडक्याची गोष्ट कारखान्यात सगळ्यांना माहीत होती आणि कुणालाच माहीत नव्हती. नियम असा, की शिंपला पेटीत ठेवण्याआधी त्याच्या कडा कारखान्याच्या पाकिटातल्या पुसणीने पुसायच्या आणि पुसणी फेकून द्यायची. पण फार पूर्वी, थोरली नवी असताना, तेव्हाच्या पुसणीचा एक तंतू कडेला चिकटून राहिला आणि शिवण जळाली. तिला हे काम शिकवणाऱ्या म्हाताऱ्या कारागिराने आपल्या जवळच्या जुन्या सुती फडक्याचा अर्धा तुकडा फाडून तिला दिला. तेव्हापासून थोरली घरून स्वतःची फडकी नेत होती. जुन्या, धुऊन धुऊन विरलेल्या चादरीची. उकळलेली, उन्हात वाळवलेली, डबीत घालून नेलेली. नियमाविरुद्ध होतं, पण तिच्या शिवणीसारखी शिवण कुणाची नव्हती, तेव्हा त्या फडक्यावर कुणाची नजर कधी ठरली नाही. भिंतीवरच्या डागासारखं ते खोलीचाच भाग होऊन गेलं होतं. धाकटीने इतक्या दिवसांत पेटीवर संशय घेतला, वायूवर घेतला, स्वतःच्या डोळ्यांवर घेतला. फडक्यावर घेतला नाही.

तिने नळाखाली बोट ओलं केलं आणि एक थेंब फडक्यावर सोडला. थेंब भिजला नाही. अळवाच्या पानावर बसावा तसा टच्च बसून राहिला.

"आई!" ती ओरडली. "ह्याला काय लावलंत?"

सासूबाई कपड्यांची टोपली घेऊन आल्या, हसतमुख. "कळलं होय तुला? मऊपाणी आहे ते. धुऊन झालं की शेवटच्या पाण्यात घालायचं. थोरलीच्या बोटांना भेगा पडतात ना गं, दिवसभर ते रबरी मोजे. म्हटलं, निदान तिच्या फडक्यांनी तरी टोचू नये. तिची मी वेगळी भिजवते. जरा जास्तच घालते."

"कधीपासून?"

"ही पहिलीच बाटली. संपत आली बघ."

थोरली दारात उभी होती. हातात कप. तिने सासूबाईंचं सगळं ऐकलं होतं.

"माझ्या फडक्याला नावं ठेवायची नाहीत. सांगून ठेवते."

"मी तोंडाने काही म्हणत नाही वहिनी. तुम्ही डोळ्यांनी बघा."

थोरलीने कप ठेवला. फडकं तळहातावर पसरलं. धाकटीने पुन्हा थेंब सोडला. थेंब बसला. थोरलीने हात जरासा तिरका केला. थेंब घरंगळला, फडक्यावर ओलीची खूणही न ठेवता खाली पडला. मग तिने धाकटीचा चष्मा घेतला, एक काच स्वतः पुसली आणि उजेडाकडे धरून बघत राहिली. कितीतरी वेळ. पुसलं की स्वच्छ होतं, ह्या एका श्रद्धेवर ती इतकी वर्षं जगली होती. आता तिच्या डोळ्यांदेखत पुसण्यानेच काच मळत होती.

"तेलकट," ती म्हणाली. "मी प्रत्येक कडेला तेल चोपडत होते. त्यावर लेझर पडला की जळणार, काजळी धरणार, बुडबुडा उठणार. दुसरं काय होणार?"

सासूबाई टोपलीसकट खाली बसल्या. "म्हणजे माझ्यामुळे? माझ्या हाताने?"

थोरली त्यांच्याजवळ उकिडवी बसली. "आई, रडायचं नाही. मायेचा थर जरा जाड झाला, एवढंच. लेझरला माया कळत नाही, त्याला तुम्ही काय करणार?"

"ओतून देते ती बाटली."

"ओतू नका. भावजींचे मोजे बुडवा त्यात. त्यांनाच गरज आहे."

सासूबाई रडता रडता हसल्या. थोरली उठली ती मात्र हसत नव्हती. तिच्या मनाचं भिंग आता पुढच्या जागेवर सरकलं होतं.

"धाकटे, ही बाटली आल्यापासून मी पुसलेला प्रत्येक शिंपला."

"हो."

"तू नापास केलेलेच नव्हेत."

"हो वहिनी. मी पास केलेलेही." धाकटीचा आवाज उतरला. "ते अजून गोदामात आहेत. आज दुपारी गाडी येणार आहे."

"चल मग."

"थांबा जरा. फडक्याचं सांगितलंत तर नियम मोडला म्हणून खुर्ची जाईल. नाही सांगितलंत तर हात गेला म्हणून जाईल."

थोरली चपला शोधत होती. "जायचीच असेल तर खऱ्या कारणाने जाईल. आणि ते 'जा' म्हणाले की मी जाईन, असं तुला कुणी सांगितलं?"

खोलीत पॅकिंगमधली बाई पेटीपुढे बसली होती. खुर्चीच्या अगदी टोकावर, परक्याच्या घरी पाणी मागायला आल्यासारखी. थोरली झगा, टोपी, पट्टी चढवून तिच्यापाशी गेली.

"बाई, तुझं काही चुकलं नाही. पण ऊठ."

बाई उठली. एवढी सुटकेने उठली, की खुर्ची मागे घरंगळली. थोरलीने ती ओढून घेतली आणि बसली.

आत्तासाहेब झग्याच्या नाड्या बांधतच धावत आले. "हे काय? मी काल सांगितलं होतं. आत्ताच्या आत्ता..."

"साहेब, छिद्रांचं कारण सापडलं." थोरलीने प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद केलेलं फडकं वर धरलं. "हे. घरी धुताना ह्याला मऊ करायचं रसायन लागलं. त्याचा थर कडांवर बसतो आणि जळतो. थेंब टाकून बघा, आम्ही बघितला."

साहेबांनी आधी फडक्याकडे पाहिलं, मग दाराकडे. "हळू बोला."

"हळू कशाला? छिद्र काय हळू पडलं?"

"अहो, ऐका." ते खुर्चीपाशी वाकले. "फडक्याचं नाव निघालं की पास झालेल्या मालावरही बोट येतं. सगळा माल अडकेल. गाडी दुपारी येतेय. त्यापेक्षा तुमचा हात थकला, काही शिंपले बिघडले, तुम्ही पॅकिंगला गेलात, विषय संपला. तुमचाही मान राहील."

"कुठला मान?" थोरली आता खरंच मोठ्याने बोलली. सगळी टेबलं थांबली. "जो चुकला नाही त्या हाताला थकला म्हणायचं आणि जे चुकलं त्या फडक्याला खिशात घालायचं, ह्याला मान म्हणतात? असला मान तुम्ही घेऊन जा घरी, उशाला घ्या."

"पण ते शिंपले चाचणीत उतरलेत ना! हेलियम झिरपलं नाही!"

"आज नाही झिरपलं," धाकटी तिच्या टेबलावरून म्हणाली. ती जवळ आली. "साहेब, काजळीवर उभी राहिलेली शिवण एखाद्याच्या छातीत वर्षानुवर्षं टिकेल, असं तुम्ही म्हणता? सगळ्यांसमोर म्हणा. मी माझा शिक्का तसाच ठेवते."

साहेबांनी तोंड उघडलं. पट्टी आत ओढली गेली, बाहेर आली. तेही कुणाचेतरी लेक होते. घरी एखादं म्हातारं हृदय त्यांचीही वाट बघत असेल.

धाकटीने आणखी वाट पाहिली नाही. ती गोदामाच्या कप्प्याकडे गेली. हिरवी खूण लावलेले ट्रे तिथे ओळीने रचले होते. प्रत्येक ट्रे तिने स्वतः पास केलेला. तिने पहिल्याची हिरवी खूण काढली, लाल अडकवली. खट्. दुसरा. खट्. स्वतःचंच मत स्वतः खोडायला छाती लागते, आणि ते सगळ्यांच्या नजरेखाली खोडायला तर दोन छात्या लागतात. तिसऱ्या ट्रेला तिचा हात जरा अडला. तेवढ्यात पॅकिंगमधली बाई पुढे झाली आणि तिने ट्रे धरून दिला.

"थांबा! आत्ताच्या आत्ता थांबा!"

खट्. खट्. त्यांच्या 'आत्ता'ला इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कुणी भीक घातली नाही.

"तुम्ही नियम मोडलाय!" साहेब थोरलीकडे वळले. जे सापडलं ते हाती धरल्यासारखे. "घरचं कापड! ह्या खोलीत! ह्याची चौकशी होईल!"

"मोडला," थोरली म्हणाली. "मी मोडला. हे फडकं रोज माझ्या उजव्या हाताशी असायचं आणि तुम्ही रोज ह्याच वाटेने जायचात. माझी शिवण चांगली होती तोवर ते कुणालाच दिसलं नाही. भिऊ नका, तुमचं नाव मी घेणार नाही. माझं मात्र माझ्या तोंडाने घेणार, आणि मान वर करून घेणार. मान खाली घालायला मी काही चोरलेलं नाही. बसवा चौकशी. विचाराल त्याचं उत्तर देईन. ह्या खुर्चीत बसून देईन."

"आणि मी उठा म्हटलं तर?"

"तर मला ऐकू येणार नाही. पेटीचा पंखा फार आवाज करतो."

टोप्या-पट्ट्यांच्या आड कुणीतरी फिसकन हसलं.

थोरलीने कारखान्याचं पाकीट फाडलं. पुसणी काढली, उजेडाकडे धरून तिचे तंतू नीट न्याहाळले, कारण जुना राग असा एका सकाळीत जात नाही. मग धुऊन आलेले नवे अर्धे घेतले, कडा पुसल्या, पुसणी टाकून दिली. दुसरी काढली, पुन्हा पुसल्या, तीही टाकली. शिंपला पेटीत गेला, आतली हवा निघाली, आर्गॉन भरला. तिने रबरी मोज्यांत हात घातले. भेगा पडलेली बोटं आत गेली आणि काचेपलीकडे जाड काळी बोटं होऊन हलायला लागली. सगळ्यांनी त्या बोटांकडे पाहिलं. साहेबांनीही पाहिलं. थरथर शोधत होते बिचारे. त्यांना ती सापडली नाही.

पेडल खाली गेलं. पहिला टाका. त्यावर अर्धा चढून दुसरा. पट्टीच्या आतून गुणगुण सुरू झाली.

सांभाळ रे बाबा, आतला ठोका सांभाळ...

साहेबांच्या खिशातला फोन वाजला. त्यांनी तो काढून नुसता धरला. वरचा फोन होता, ते त्यांच्या खांद्यांवरून कळत होतं. एकदा त्यांनी लाल खुणांच्या त्या रांगेकडे पाहिलं. तपासनिसाचा शिक्का नाही म्हणजे गाडी येऊन रिकामीच जाणार, हे त्यांना कळून चुकलं होतं. एकदा काचेतल्या बोटांकडे पाहिलं. मग फोन कानाला लावला.

"हो साहेब. नाही साहेब, गाडी आज नको. पास झालेलेही थांबवलेत. हो, सगळे." थोडा वेळ पलीकडचा आवाज मधमाश्यांसारखा गुणगुणत राहिला. "हात नाही साहेब. कारण सापडलंय. फडकं. मी वर येऊन सांगतो." आणि मग आवाज बराच खाली आणून, "मला दिसत होतं ते. मीही लक्ष दिलं नाही."

फोन ठेवून ते पॅकिंगवाल्या बाईला म्हणाले, "तुम्ही तुमच्या टेबलावर जा." आणि जाता जाता खुर्चीमागे थबकले. "चौकशी टळणार नाही, बाई."

"टळू नयेच," थोरली भिंगातून डोळे न काढता म्हणाली.

पहिला शिंपला धाकटीच्या टेबलावर आला. तिने तो फिरवला. चंदेरी, सलग, माशाच्या खवल्यांसारखे टाके एकावर एक. काजळी नाही, बुडबुडा नाही. मनातल्या मनात तिने हात जोडले आणि शिंपला पुढे हेलियमच्या चाचणीला दिला. खोली सैल झाली. कुणीतरी खोकलं, कुणाचीतरी खुर्ची सरकली, यंत्रांचे आवाज परत आले.

दुसरा शिंपला आला. धाकटीने फिरवला. थांबली. परत फिरवला. मग लाल ट्रे ओढला.

"आता काय?" थोरलीची गुणगुण तुटली.

"शिवण सुंदर आहे. पण पाठीवर ओरखडा आहे. आला तेव्हापासूनच असणार. तुमचा दोष नाही."

"दोष नाही ना? मग?"

"दोष तुमचा नाही म्हणून पास होतो का? छिद्राला माफी नाही, तशी ओरखड्यालाही नाही."

सगळे डोळे थोरलीकडे. तिने हातमोज्यांतून हात काढले, वळून धाकटीकडे पाहिलं, आणि पट्टीच्या आत ती हसायला लागली. खांदे हलायला लागले, तशी खुर्चीही करकरायला लागली.

"कर," ती म्हणाली. "कर नापास. घरी चल, मग बघते तुझ्याकडे."

आणि वळून तिने नवी पुसणी काढली.